काळजी करणे आणि काळजी घेणे

आमच्या रत्नागिरीत आषाढात पाऊस एकदा बसला की चार-चार दिवस उठत नाही. अशाच एका आषाढात, काही वर्षांपूर्वी, माझी नोकरी गेली. घरात संध्याकाळची प्रार्थना होई, तेव्हा मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचत असे. उद्याची चिंता वाहू नये, पाखरांची आणि रानफुलांची गरज जो जाणतो तो आपलीही जाणतो, हा येशूचा उपदेश त्यात आहे. तो वाचून मला शांत झोप लागे. पत्नीला मात्र लागत नसे. "कसली चिंता करतेस? देव आहे ना!" असे मी म्हणे. एका रात्री ती म्हणाली, "देव आहेच हो. पण डब्यात तांदूळ आठ दिवसांचे उरलेत, हेही कुणीतरी बघायला हवे ना?"

मला उत्तर सुचले नाही. त्याच दिवसांत मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचायला घेतली, आणि पूर्वी अनेकदा वाचलेले ते पुस्तक मला अगदी निराळे दिसले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, आमच्याच जिल्ह्यातल्या करजगावचा. १८८० साली त्यांचे लक्ष्मीबाईंशी लग्न झाले. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पदरी लहानगा दत्तू होता. पुढे काही वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. मग त्या नगरला त्यांच्याजवळ गेल्या, आणि स्वतः विचार करून, आपल्या पायांनी चालत ख्रिस्ती धर्मात आल्या. टिळक १९१९ साली वारले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली निघाला आणि १९३६ साली लक्ष्मीबाईही गेल्या.

टिळकांच्या श्रद्धेविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. त्यांची गीते मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. उद्याची फिकीर न करणारा माणूस म्हणून प्रवचनातून त्यांचा दाखला देतात. तो खोटा नाही. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे, मागणाऱ्याला नाही म्हणणे त्यांना जमत नसे, आणि मनात आले की ते घरातून निघून जात. पण ही निश्चिंतता कोणाच्या खांद्यावर उभी होती, हा प्रश्न प्रवचनात येत नाही. तो 'स्मृतिचित्रे'त येतो, पानोपानी येतो. टिळक निर्धास्त असत, कारण घरात दुसरे कोणीतरी जागे असे.

लक्ष्मीबाई हे कुठेही तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. त्या हसतात आणि आपल्याला हसवतात. या विनोदाला आपण वाचक इतके भुललो की, त्याच्याखालचा जाच आपल्या ध्यानातच आला नाही. एक भोळा, रागीट कवी आणि त्याची हजरजबाबी बायको, अशी गमतीची जोडी आपण पाहिली. माझ्या मते हा विनोद लक्ष्मीबाईंच्या श्रद्धेचाच एक भाग आहे. ज्या दिवशी घरात काही नाही, त्या दिवशीही माणूस हसू शकतो तो सगळे ठीक आहे म्हणून नव्हे. आपल्या हातचे होते ते केले, उरलेले आपल्या हातचे नव्हतेच, हे त्याला उमगलेले असते म्हणून.

आपल्या मराठीत काळजी या शब्दाची दोन क्रियापदांशी सोयरीक आहे. काळजी करणे निराळे आणि काळजी घेणे निराळे. पहिलीने रात्र जाते, दुसरीने दिवस उभा राहतो. येशूने मना केली ती पहिली, असे मी समजतो. दुसरी मना केली असती, तर भुकेल्यांना अन्न द्या, आजाऱ्यांना भेटा, असे त्यानेच कशाला सांगितले असते? मी मात्र पहिली टाकताना दुसरीही पत्नीच्या ओट्यात टाकून मोकळा झालो होतो, आणि त्या मोकळेपणाला श्रद्धा म्हणत होतो.

टिळकांवर अन्याय करण्याचा माझा हेतू नाही. ते उद्याचा हिशेब मांडत बसले असते, तर कित्येक अनाथ पोरांना त्या घरात थारा मिळाला नसता, आणि मराठी कविताही काही बाबतींत गरीब राहिली असती. लक्ष्मीबाईही त्यांना दोष देत नाहीत. त्यांच्या लिहिण्यात टिळकांविषयीचे प्रेम कधी आटत नाही. पण माझ्यासारख्या सामान्य माणसाने टिळकांची निश्चिंतता उचलावी आणि त्यांचे औदार्य, त्यांची अंगमेहनत मागे ठेवावी, हे बरे नव्हे. चिंतेवर ख्रिस्ती माणसाने काय करावे, हे मला कोणी विचारले तर मी 'स्मृतिचित्रे' हाती देईन. त्यात उपदेशाचे अवडंबर नाही, पण विश्वास ठेवणारी बाई चूल कशी पेटती ठेवते ते आहे.

श्रावणात मला दुसरे काम मिळाले. मत्तयाचा तो अध्याय आम्ही अजून वाचतो. फक्त महिन्याच्या पहिल्या तारखेला वाणसामानाची यादी आता मी करतो. पत्नी ती तपासते, दोन जिन्नस खोडते, एक वाढवते, आणि दिवा मालवून माझ्या आधी झोपी जाते.