मूतखड्याच्या निदानातील ‘स्टोन’ गुणांकन पद्धती : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :

कुशीत अचानक उठून जांघेकडे उतरणारी तीव्र कळ ही मूतखड्याची परिचित खूण होय. अशा वेदनेने व्याकूळ झालेला रुग्ण रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात येतो, तेव्हा डॉक्टरांसमोर दोन प्रश्न उभे असतात. मूत्रवाहिनीत अडकलेला खडा हेच या वेदनेचे कारण आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि महाधमनी फुटणे, आंत्रपुच्छाचा दाह, अंडाशयाला पीळ पडणे यांसारखे जिवावर बेतणारे कारण या वेदनेआड दडलेले नाही ना, हा दुसरा. सी.टी. स्कॅनमुळे या प्रश्नांची बऱ्याच अंशी उकल होते. परंतु त्यासाठी रुग्णाला क्ष-किरणांची मात्रा सोसावी लागते, खर्चही वाढतो. मूतखडा हा पुन्हा पुन्हा उद्भवणारा विकार असल्याने तरुण वयापासून असे स्कॅन वारंवार होण्याची शक्यता असते. या पेचातून मार्ग काढण्यासाठी वैद्यकशास्त्राने लक्षणांना गुण देऊन खड्याची शक्यता वर्तविणाऱ्या पद्धती विकसित केल्या. त्यांपैकी ‘स्टोन’ या पद्धतीची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

‘स्टोन’ पद्धतीचे स्वरूप :

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे ख्रिस्तोफर मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धती २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून मांडली. सी.टी. स्कॅन झालेल्या १०४० रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून तिचे निकष ठरविण्यात आले आणि त्यानंतर ४९१ नव्या रुग्णांवर ते पडताळून पाहण्यात आले. ‘स्टोन’ या इंग्रजी शब्दातील पाच अक्षरे म्हणजे पाच निकष होत. रुग्ण पुरुष असल्यास २ गुण. वेदना सुरू होऊन ६ तासांपेक्षा कमी वेळ झाला असल्यास ३ गुण, ६ ते २४ तास झाले असल्यास १ गुण. रुग्ण कृष्णवर्णीय नसल्यास ३ गुण. केवळ मळमळ असल्यास १ व उलटी झाली असल्यास २ गुण. आणि लघवीत रक्तपेशी आढळल्यास ३ गुण. एकूण गुण १३. त्यांपैकी ० ते ५ गुण म्हणजे खड्याची शक्यता कमी, ६ ते ९ म्हणजे मध्यम आणि १० ते १३ म्हणजे अधिक, अशी विभागणी करण्यात आली. पडताळणीच्या टप्प्यात या तीन गटांत खडा आढळण्याचे प्रमाण अनुक्रमे ९.२, ५१.३ आणि ८८.६ टक्के होते.

या पद्धतीचे गुण मान्य केलेच पाहिजेत. तिला महागडे उपकरण लागत नाही. रुग्णाची विचारपूस आणि लघवीची साधी तपासणी एवढ्यावर तिचे काम भागते. शिवाय अनुभवी डॉक्टर ज्या खुणा मनोमन जोखतो, त्यांना ती उघड आणि तपासता येण्याजोगे रूप देते. तथापि जी गोष्ट उघड होते ती टीकेलाही पात्र ठरते.

वंशाच्या निकषाची चिकित्सा :

या पद्धतीतील सर्वांत वादग्रस्त निकष वंशाचा आहे. कृष्णवर्णीय नसणे या एकाच बाबीला लघवीतील रक्ताइतके, म्हणजे ३ गुण देण्यात आले आहेत. याचा परिणाम साध्या बेरजेने लक्षात येतो. कृष्णवर्णीय स्त्रीला पुरुषत्वाचे २ आणि वंशाचे ३ गुण कधीच मिळणार नाहीत. उरलेले सर्व गुण मिळाले तरी तिची बेरीज ८ होते. म्हणजे उर्वरित सर्व लक्षणे ठळकपणे असूनही ती ‘अधिक शक्यते’च्या गटात पोहोचूच शकत नाही. २०२० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील एका लेखात व्यास, आयझेनस्टाइन आणि जोन्स यांनी वंशावर आधारित अनेक वैद्यकीय सूत्रांची झाडाझडती घेतली, त्यांत ‘स्टोन’चाही समावेश होता. २०२१ मध्ये मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजण्याच्या सूत्रातूनही अमेरिकेतील तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनुसार वंशाचा निकष वगळण्यात आला.

हा केवळ अमेरिकेचा प्रश्न आहे असे समजणे चुकीचे ठरेल. ही पद्धती भारतीय रुग्णालयात जशीच्या तशी वापरल्यास जवळजवळ प्रत्येक रुग्णाला वंशाचे ३ गुण आपोआप मिळतील. जो गुण सर्वांनाच मिळतो, तो रुग्णारुग्णांत भेद करण्यास निरुपयोगी असतो. परीक्षेत सरसकट दिलेल्या वाढीव गुणांमुळे विद्यार्थ्यांचा क्रम बदलत नाही, मात्र उत्तीर्ण होणाऱ्यांची संख्या बदलते. तसेच येथे घडते. गटांच्या सीमा मात्र ६ आणि १० अशा मूळच्याच राहतात. परिणामी भारतीय पुरुषाची सुरुवातच ५ गुणांनी होते. त्याला साधी मळमळ झाली तरी तो मध्यम गटात जातो.

याहून गंभीर बाब पुढे आहे. अचानक सुरू झालेली वेदना (३) आणि उलटी (२) एवढ्यानेच त्याचे गुण १० होतात आणि लघवीत रक्ताचा मागमूस नसतानाही तो ‘अधिक शक्यते’च्या गटात जाऊन बसतो. या पद्धतीत वयाचा निकष नाही. त्यामुळे पंचविशीतला तरुण आणि महाधमनी फुगलेला सत्तरीचा वृद्ध यांना येथे समान गुण पडू शकतात. अशा वृद्धाच्या बाबतीत गुणांच्या भरवशावर स्कॅन टाळणे प्राणघातक ठरू शकते.

गुणांचा अर्थ आणि मर्यादा :

मूळ अभ्यासातील रुग्ण हे डॉक्टरांनी खड्याच्या संशयावरून आधीच स्कॅनसाठी निवडलेले होते आणि त्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांना खडा होता. जेथे हे मूळ प्रमाण वेगळे असेल, तेथे त्याच गुणांचा अर्थही वेगळा होईल. तसेच ही पद्धती गुंतागुंत नसलेल्या खड्यासाठी तयार केलेली आहे. ताप आणि जंतुसंसर्ग यांसह मूत्रमार्ग तुंबलेला असेल, तर ती तातडीच्या उपचारांची वेळ असते. तेथे गुणांची बेरीज करीत बसण्यास वाव नाही.

कमी गुणांचा अर्थ लावतानाही सावधगिरी हवी. कमी गुण म्हणजे खड्याची शक्यता कमी, एवढेच ही पद्धती सांगते. धोका कमी असे ती सांगत नाही. उलट, अशा वेळी वेदनेचे कारण अन्यत्र शोधण्याची गरज वाढते. अधिक गुणांच्या गटातही पडताळणीच्या वेळी १.६ टक्के रुग्णांमध्ये दुसरे गंभीर कारण आढळले होते.

पर्यायांचा विचार :

२०१६ मध्ये येलच्याच संशोधकांनी ‘स्टोन प्लस’ या नावाने गुणांना सोनोग्राफीची जोड दिली. २०१७ मध्ये जपानमधून आलेल्या ‘चोकाई’ पद्धतीने वंशाचा निकष घेतला नाही. सोनोग्राफीत दिसणारी मूत्रपिंडाची सूज, पूर्वी झालेला मूतखडा आणि ६० वर्षांखालील वय यांचा तिने समावेश केला. त्यांपैकी मूत्रपिंडाच्या सुजेला सर्वाधिक, म्हणजे ४ गुण दिले. रुग्णाच्या वर्णापेक्षा त्याच्या शरीरातील प्रत्यक्ष बदलाला महत्त्व देणारी ही दिशा अधिक शास्त्रीय वाटते. २०१४ मध्ये स्मिथ-बाइंडमन आणि सहकाऱ्यांनी २७५९ रुग्णांवर केलेल्या चाचणीतही तपासणीची सुरुवात सोनोग्राफीने केल्यास गंभीर गुंतागुंत वाढत नाही, मात्र क्ष-किरणांची एकूण मात्रा घटते, असे दिसून आले.

भारतात या मार्गावर एक वेगळी अट आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानुसार सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि ते हाताळणाऱ्याची अर्हता यांवर बंधने आहेत. या कायद्यामागील सामाजिक हेतू निर्विवाद आहे. तथापि आपत्कालीन विभागात रुग्णाच्या खाटेशी सोनोग्राफी करण्याचे परदेशी प्रारूप येथे स्वीकारताना ही चौकट लक्षात घ्यावीच लागेल.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ‘स्टोन’ पद्धतीची उपयुक्तता तिच्या बेरजेपेक्षा तिने विचारलेल्या प्रश्नांत अधिक आहे. वेदना केव्हा सुरू झाली, उलटी झाली काय, लघवीत रक्त आहे काय, हे प्रश्न कोणत्याही देशातील डॉक्टरांनी विचारावेत असेच आहेत. त्यांच्या उत्तरांना किती गुण द्यावेत आणि सीमारेषा कोठे आखावी, हे मात्र त्या त्या समाजातील रुग्णांवरूनच ठरले पाहिजे. भारतीय रुग्णांच्या नोंदींवर वंशाचा निकष वगळून, वय आणि सोनोग्राफी यांचा समावेश करून या पद्धतीची नव्याने पडताळणी होणे आवश्यक आहे. वैद्यक, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र या विद्याशाखांनी एकत्र येऊन करावे असे हे काम आहे. तोपर्यंत या गुणांनी डॉक्टरांच्या निर्णयाला साहाय्य करावे. त्या निर्णयाची जागा त्यांनी घेऊ नये.