पांढरेपणाची घडण

भुसा भरलेल्या मुंडक्याला काचेचे डोळे असतात म्हणून ते खोटे. आणि नुसती कवटी शिंगांसकट लाकडी पाटीवर बसवली की ती खरी, असा एक समज शिकारीच्या ट्रॉफींवर लिहिणाऱ्यांत चांगलाच मुरलेला आहे. या दुसऱ्या प्रकाराला अमेरिकेत ‘युरोपियन माउंट’ म्हणतात. जर्मन भाषक प्रदेशांत मात्र हीच नेहमीची रीत. तिच्या साधेपणाचे कौतुक मी पुष्कळ वाचले आणि मला ते पटत नाही. हा साधेपणा कमावलेला आहे. तो कसा कमावतात हे पाहिल्याशिवाय या वस्तूची समीक्षा करता येणार नाही.

तेव्हा आधी कृती. मुंडके सोलायचे, डोळे, जीभ, मेंदू काढायचा. पुढे तीन वाटा आहेत. एक, कोमट पाण्यात आठवडेच्या आठवडे बुडवून जिवाणूंकडून मांस कुजवून घेणे. दुसरी, डर्मेस्टिड किड्यांच्या पेटीत ठेवणे. ही संग्रहालयांची आवडती, कारण त्यांच्या अळ्या नाकाच्या पोकळीतली कागदासारखी पातळ हाडेही न मोडता साफ करतात. तिसरी, मंद आचेवर शिजवणे. शिजवताना पाणी खळखळू द्यायचे नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. उकळीने कवटीचे सांधे उकलतात आणि चरबी हाडात मुरते. तीच पुढे पिवळे डाग होऊन वर येते. म्हणून भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात कवटी भिजत ठेवतात, पाणी गढूळ व्हायचे थांबेपर्यंत ते बदलत राहतात. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड. क्लोरीनचे ब्लीच चालत नाही. ते हाड खात राहते आणि हाड भुसभुशीत होते.

मला यात सर्वांत बोलकी वाटते ती एक किरकोळ सूचना: पेरॉक्साइड लावताना शिंगांचे बुडखे प्लास्टिकने गुंडाळून घ्या. हरणाची शिंगे मुळात हाडच, दर वर्षी गळणारे आणि नव्याने उगवणारे. त्यांचा तपकिरी रंग येतो सुकलेल्या रक्तातून आणि नर ज्या झाडांवर ती घासतो त्यांच्या सालीच्या रसातून. चुकून तो उडालाच, तर पोटॅशियम परमँगनेटने पुन्हा चढवतात! म्हणजे एका हाडाने पांढरे व्हायलाच हवे, त्याला चिकटलेल्या दुसऱ्याने होता कामा नये. कवटीवरचे रक्त धुऊन काढायचे, शिंगांवरचे जपायचे. याला निसर्ग म्हणणे कठीण आहे. ही सरळसरळ रंगयोजना आहे.

पांढऱ्याच्या या ओढीचे नातलग युरोपात जुने आहेत. ग्रीक शिल्पे मुळात रंगवलेली होती, तरी अठराव्या शतकात विंकेलमानच्या लेखनाने शुभ्र संगमरवराला सौंदर्याचा मापदंड करून टाकले. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पे तांब्याच्या हत्यारांनी खरवडून ‘स्वच्छ’ केली गेली. १९३७ सालीच बर्लिनमध्ये ग्योरिंगच्या आश्रयाने आंतरराष्ट्रीय शिकार प्रदर्शन भरले होते. या दोन घटनांत कार्यकारणभाव जोडण्याचा मोह मी आवरतो; अभिरुची एकच होती, एवढे मात्र म्हणतो.

भिंतीवर जे नसते ते याहून महत्त्वाचे. खालचा जबडा. जर्मनीतल्या वार्षिक ट्रॉफी-पाहणीत शिंगांबरोबर खालच्या जबड्याचा अर्धा भाग मांडावा लागतो, कारण दाढांच्या झिजेवरून जनावराचे वय ताडता येते. नर फार कोवळा असताना मारला काय, हे तिथे चारचौघांत उघड होते. भिंतीवर चढताना जबडा गळतो. बऱ्याचदा कवटीची मागची बाजूही करवतीने कापून सपाट करतात. निकाल टांगलेला आणि साक्षीदार खोक्यात, असा हा प्रकार.

जॉर्जिया ओ'कीफने १९३० साली न्यू मेक्सिकोतून पिंपे भरून हाडे न्यूयॉर्कला पाठवली आणि १९३१ साली लाल-पांढऱ्या-निळ्या पट्ट्यांवरची गाईची कवटी रंगवली. त्या कवटीलाही खालचा जबडा नाही. पण ती उन्हापावसाने साफ झालेली. तिच्या कडा झिजलेल्या, तुटक्या आहेत आणि चित्रकर्तीने त्या बुजवलेल्या नाहीत. तिथे विजेता कोणी नाही, म्हणून काही लपवायचेही नाही.

आपल्याकडच्या संस्थानिकांची पसंती उलट होती: काचेचे डोळे, वासलेला जबडा, रंगवलेली जीभ. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कारखान्याने असे वाघ कितीतरी घडवले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो सारा व्यवहार आटत गेला. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात अशा जनावरांपुढे शाळकरी मुले थांबतात आणि डोळे खोटे आहेत, असे एकमेकांना मोठ्याने सांगतात. म्युनिकमध्ये एका जुन्या ऑगस्टिनियन चर्चच्या इमारतीत शिकार व मासेमारीचे संग्रहालय आहे. तिथल्या पांढऱ्याशुभ्र कवट्यांच्या रांगांखाली मी बराच वेळ उभा होतो. तसे म्हणणारे कोणी भेटले नाही.