उत्तुंग इमारतींची ओसरी

नाशिकच्या इंदिरानगरातील माझ्या गच्चीवरून पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर दिसतो; आणि गेल्या काही महिन्यांत त्या डोंगराच्या व माझ्या दृष्टीच्या मध्ये एका नियोजित गृहसंकुलाचा भलामोठा फलक येऊन उभा राहिला आहे. फलकावरील वीस-बावीस मजल्यांच्या इमारतीच्या माथ्यावर देवळाच्या शिखरासारखा डोलारा आहे, प्रवेशद्वाराशी साच्यातून काढलेल्या सिमेंटच्या पेशवाई महिरपी आहेत, आणि खाली परंपरेच्या वारशाची ग्वाही मोठ्या अक्षरांत दिलेली आहे. इमारतीची पश्चिमेची भिंत मात्र सरळसोट, काचेच्या बंद खिडक्यांची, एका वीतभरही सावलीवाचून उघडी. त्या भिंतीने मला हा लेख लिहावयास भाग पाडले.

उंची आणि वारसा यांची सांगड घालण्याचे प्रयत्न गेली तीसेक वर्षे जगभर चालले आहेत. शांघायच्या जिन माओने 421 मीटरांवर पॅगोड्याचे थर चढविले, तैपेईच्या 508 मीटरांच्या मनोऱ्याने बांबूची पेरे दाखविली, दुबईच्या बुर्ज खलिफाने 828 मीटरांसाठी एका फुलाच्या पाकळ्यांचा दाखला दिला. यांत अभियंत्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे, परंतु वारसा दुरून पाहण्यापुरताच आहे. क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे मी वेगळे काढतो, कारण सेझार पेली यांनी दोन चौकोन एकमेकांत गुंफून होणारी अष्टकोनी इस्लामी तारका कळसावर न ठेवता तळाच्या आराखड्यातच घेतली, आणि त्यामुळे अठ्ठ्याऐंशी मजले त्या आकृतीतूनच वाढले. तरीही त्या तारकेमुळे आत बसणाऱ्या कारकुनाच्या अंगावर येणारे ऊन कमी होत नाही. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या मनोऱ्यांविषयी तर लिहिण्याजोगे मला काहीच आढळत नाही.

ज्या इमारतीविषयी लिहावे, आणि पुन्हा पुन्हा लिहावे, ती मुंबईतच कंबाला टेकडीवर 1983 सालापासून उभी आहे. चार्ल्स कोरिया यांची कांचनजंगा उंचीने सुमारे 84 मीटर, तळाला 21 मीटर बाजूचा चौरस, आणि आत अवघी 32 घरे. आजच्या हिशेबाने ती ठेंगणीच ठरेल. परंतु तिने जो प्रश्न हाती घेतला तो या किनाऱ्यावर घर बांधणाऱ्या प्रत्येक पिढीचा होता. मुंबईत समुद्र पश्चिमेला आहे आणि वारा तिकडून येतो, म्हणून घराने पश्चिमेकडे तोंड करावे हे खरे. पण दुपारचे रखरखीत ऊन आणि आषाढातील पावसाचा मारा हेही पश्चिमेकडूनच येतात. जुन्या बंगल्यांनी याचे उत्तर राहत्या दालनांभोवती व्हरांड्याचे कडे घालून दिले होते. कोरियांनी त्या कड्याचे चित्र काढून भिंतीवर चिकटविले नाही. त्यांनी ते कडेच उचलून आकाशात नेले. इमारतीचे कोपरे दोन मजल्यांच्या उंचीने पोखरून तेथे बागेच्या गच्च्या केल्या, घरे एकमेकांत खालीवर गुंतविली, आणि वाऱ्याचा आडवा जोर मधल्या काँक्रीटच्या गाभ्यावर सोपविला, ज्यात शिरीष पटेल यांच्या अभियांत्रिकीचा वाटा मोठा आहे. त्या इमारतीवर कमान नाही, छत्री नाही, कमळ नाही. असे असूनही ती पाहताच कोकणातल्या पडवीत बसलेल्या माणसाला आपले काहीतरी तेथे ओळखीचे वाटते.

ती धनिकांची इमारत आहे, हा आक्षेप खरा आहे. पण ओसरी ही धनिकांची वस्तू कधीच नव्हती. नाशिकच्या सराफ बाजारातील सरकारवाड्याला ओसरी होती आणि पंचवटीतल्या दोन खणांच्या घरालाही होती. उन्हाची तिरीप आणि मनुष्याची बसण्याची जागा यांच्यामध्ये काही हात छाया राखावी, एवढाच तिचा अर्थ.

आणि तो अर्थ वाड्यांहून कितीतरी जुना आहे. फलकामागच्या डोंगरात, राजमाता गौतमी बलश्रीने दान दिलेल्या तिसऱ्या लेण्यात, अठरा खोल्यांनी वेढलेल्या दालनापुढे खांबांची ओसरी आहे, आणि तिचा भार पालखीच्या भोयांप्रमाणे महाकाय मूर्ती खांद्यांवर वाहताना कोरल्या आहेत. येथे कोणी म्हणेल की अखंड खडकाला भोई कशाला हवेत, लाकडी बांधणीची ती नक्कल नव्हे काय. मग आजच्या साच्यातल्या महिरपींनाच दोष का? दोष यासाठी की त्या शिल्पींची मूर्ती नक्कल असली तरी तिच्या वरची सावली खरी होती, आणि वर्षावासात भिक्षू त्या ओसरीत प्रत्यक्ष बसत. आमच्या महिरपीखाली कोणी बसत नाही.

बांधणारे सांगतात, ग्राहकाला शिखरच हवे असते. मला हे मान्य नाही. ग्राहकाला दाखविलेच जाते शिखर. दरखास्तीत, करारनाम्यात आणि किमतीच्या तक्त्यात चौरस फुटांचा हिशेब असतो, छायेचा रकाना नसतो. मग जी वस्तू दफ्तरात मोजली जात नाही ती बाजारात मागावी कशी? गॅलरी दिली तरी ती हातभर रुंद असते, आणि ताबा मिळताच लोक तिला काच लावून खोलीत घेतात, कारण एवढ्याशा पट्टीत बसता येत नाही. दोष त्या लोकांचा नाही. हातभराची ओसरी ही ओसरीच नव्हे, आणि ज्या वास्तुविशारदाने तिच्या वाट्याची जागा शयनगृहाला देऊन माथ्यावर डोलारा बसविला, त्याने वारशाचे नाव घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. डोलाऱ्याचे सिमेंट आणि सळई पश्चिमेच्या भिंतीवरील सज्जांना वापरली असती, तर त्या इमारतीने नाशिकशी नाते सांगण्याचा अधिकार मिळविला असता.

इंदिरानगरात, पाथर्डी फाट्यावर किंवा वडाळ्याच्या रस्त्यावर ज्यांना घर घ्यावयाचे आहे त्यांना माझी विनंती आहे: नमुन्याची सदनिका सकाळी पाहू नका. वैशाखात दुपारी चार वाजता जा, पश्चिमेच्या खोलीत भिंतीला हात लावून उभे राहा, आणि पावती फाडण्यापूर्वी विचारा की या घराची ओसरी कोठे आहे.