खोली सगळ्या जगाची, हात कुणाचा?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत विमानानं येणाऱ्या पाहुण्यांसाठी देशोदेशी मोठी हॉटेलं उभी राहिली. त्यांच्या अंतर्गत सजावटीबद्दल एक मत आता इतकं रुळलं आहे की ते कुणी तपासून पाहत नाही. सगळीकडे एकाच साच्याच्या खोल्या आणि त्यांवर त्या त्या देशाची थोडी नक्षी चिकटवलेली, असं ते मत. हे अर्धंच खरं आहे. साचा होता, पण त्याला दोष देण्याचं कारण मला दिसत नाही. साचा ठरल्यावर लॉबी, भिंती, पडदे आणि खुर्च्या यांचा जो प्रांत मोकळा उरला, तिथं काय करायचं हे कुणी ठरवलं, यावर या कलेचं बरंवाईट अवलंबून होतं. हयात असलेल्या कलावंताच्या हाती तो प्रांत गेला तिथं चांगलं काम झालं. जुन्या वैभवाची चिन्हं तेवढी उचलली गेली तिथं ते फिकं पडलं.

साचा घडला तो हिल्टन या अमेरिकन हॉटेल कंपनीच्या बऱ्याच आधी, आणि त्यामागे हौसेपेक्षा आरोग्याचा आणि हिशेबाचा विचार जास्त होता. सेझार रिट्झनं १८९८ साली पॅरिसमध्ये हॉटेल उघडलं, तेव्हा भिंतींना कागदाऐवजी धुता येईल असा रंग दिला आणि लाकडी पलंगांच्या जागी पितळी पलंग आणले, कारण क्षयाच्या भीतीच्या त्या काळात धूळ धरून ठेवणारी प्रत्येक वस्तू त्याला नको होती. दिव्यांच्या झाकणांचा रंग ठरवताना त्यानं आपल्या पत्नीला समोर बसवून तिच्या चेहऱ्यावर कोणता उजेड खुलतो ते पाहिलं आणि जर्दाळूसारखी गुलाबी छटा निवडली. पुढे १९०८ साली एल्सवर्थ स्टॅटलरनं बफेलो शहरात खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधली आणि नळांचे सगळे पाइप एकाच उभ्या शाफ्टमधून वर नेले. त्यामुळे दीड डॉलरच्या खोलीलाही स्वतःचं न्हाणीघर देणं परवडू लागलं. आजही हॉटेलच्या खोलीत शिरल्यावर बहुतेक वेळा न्हाणीघर दाराशीच असतं आणि पलंग खिडकीकडे, त्याचं मूळ त्या शाफ्टात आहे. मुंबईचं ताज १९०३ सालचं. सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी त्याचा आराखडा केला आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते पुरं केलं. तिथं पंखे अमेरिकेचे आणि लिफ्ट जर्मनीच्या होत्या. पण म्हणून ती वास्तू परकी झाली नाही. यंत्र कुठून आलं यावर जागेचं रूप ठरत नाही.

१९४९ च्या डिसेंबरात सान हुआनमध्ये कॅरिबे हिल्टन उघडलं आणि या कलेला नवा व्यवहार मिळाला. इमारत प्वेर्तो रिकोच्या सरकारी विकास महामंडळानं बांधली आणि हिल्टननं ती चालवायला घेतली. नफ्याचे दोन वाटे मालकाला आणि एक वाटा हिल्टनला, अशी ती वाटणी होती. आराखडा तोरो, फेरेर आणि तोरेग्रोसा या तिथल्याच वास्तुकारांचा, तर आतली सजावट न्यूयॉर्कच्या वॉर्नर-लीड्स यांची. या विभागणीचा परिणाम डोळ्यांना दिसतो. वास्तुकारांनी प्रत्येक खोलीला समुद्राकडची बाल्कनी दिली, वारा आत घेतला, आणि तीच त्या खोलीतली सर्वांत जिवंत जागा ठरली. पुढे १९५५ सालच्या इस्तंबूल हिल्टनसाठी गॉर्डन बनशाफ्ट आणि स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल यांच्यासोबत सेदाद हक्की एल्देम यांनी काम केलं. जुन्या तुर्की घरांचा एल्देम यांचा अभ्यास मोठा होता. दर्शनी बाजूचं ते लाटेसारखं वळलेलं छप्पर, ज्याला लोक उडता गालिचा म्हणू लागले, ते त्यांच्याकडून आलं. बाकीची चौकट अमेरिकन कंपनीची राहिली. माझ्या मते त्या हॉटेलातलं लक्षात राहणारं बरंचसं एल्देम यांच्या वाट्यातलं आहे.

इथं एक जोरकस आक्षेप येतो. अ‍ॅनाबेल व्हार्टन यांनी २००१ सालच्या आपल्या पुस्तकात ही हॉटेलं शीतयुद्धाची हत्यारं म्हणून वाचली आहेत, आणि कंपनीचा संस्थापक कॉन्रॅड हिल्टननंही आपली हॉटेलं म्हणजे छोटी अमेरिकाच आहे असं उघडपणे सांगितलं होतं. काचेच्या भिंतीतून, उंचावरून, थंड खोलीत बसून परक्या शहराकडे पाहणं ही राजकीय कृतीच होती, हे मला मान्य आहे. पण एवढ्यावरून सजावटीचा निकाल लागत नाही, कारण राजकारण एकच असूनही काम सारखं झालं नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा एकाच वास्तुकाराच्या दोन इमारतींत सापडतो. वेल्टन बेकेट यांचं हवाना हिल्टन १९५८ सालचं आणि कैरोचं नाइल हिल्टन १९५९ सालचं. कंपनी तीच आणि सोयींची यादीही तीच. हवानाला दर्शनी भिंत मिळाली चित्रकार अमेलिया पेलाएस यांना. जाड काळ्या रेषांत बांधलेले निळे-पांढरे आकार, क्युबन घरांच्या रंगीत काचांची आठवण देणारे, त्यांनी त्या भिंतीवर मोझेकमध्ये उभे केले. आत रेने पोर्तोकारेरो यांचं सिरॅमिकचं मोठं भित्तिचित्र आलं. दोघंही त्या वेळी हवानात राहून काम करणारे कलावंत. कैरोत मात्र दर्शनी मोझेकवर फॅरोच्या काळातली चित्रलिपी आली आणि सजावटीनंही तोच सूर धरला. समोरच्याच चौकात इजिप्शियन म्युझियम असताना! चार पावलांवर जे अस्सल आहे त्याची प्रतिकृती पाहुण्याला कशाला हवी? त्याच कैरोत तेव्हा तांब्याचं, लाकडी जाळ्यांचं, विणकामाचं काम करणारे हात होते, आधुनिक चित्रकार होते. त्यांच्याकडून त्या हॉटेलाला कितीतरी अधिक मिळू शकलं असतं.

यावर कुणी म्हणेल की फॅरोची चिन्हं अमेरिकनांनी लादली नव्हती, नासरच्या इजिप्तलाही ती हवी होती. हे बरोबर आहे, आणि म्हणूनच माझा मुद्दा मालकीचा नाही. या हॉटेलांची मालकी बहुतेक वेळा स्थानिकच होती. सरकारला आपल्या देशाची ओळख एका झटक्यात पटवून द्यायची असते, तेव्हा तेही पर्यटकाच्याच नजरेनं स्वतःकडे बघतं. निर्णय कलावंताच्या हाती असणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती झाली की चिन्हांची गरज किती कमी पडते हे कोपनहेगनला दिसतं. एसएएस रॉयल हॉटेल १९६० सालचं. आर्ने याकोबसन यांनी इमारतीपासून दाराच्या मुठीपर्यंत आणि काट्या-चमच्यांपर्यंत सगळं स्वतः केलं. एग आणि स्वान या खुर्च्या या हॉटेलासाठीच जन्मल्या. डेन्मार्कचा झेंडा नाही, व्हायकिंगांचं जहाज नाही, तरी ते हॉटेल डॅनिश आहे, कारण त्या खुर्च्या घडवणारा फ्रिट्झ हान्सेनचा कारखाना आणि त्यातलं कसब डॅनिश होतं. डेन्मार्ककडे असा उद्योग होता, गरीब देशांकडे कुठला, असंही विचारलं जाईल. पण तुर्कस्तान, इजिप्त किंवा भारताकडे कारागीर कमी नव्हते. त्यांना ओळखणाऱ्या आणि आराखडा हातात असलेल्या माणसाची उणीव होती.

तोक्योच्या ओकुरा हॉटेलात असा माणूस होता. १९६२ साली योशिरो तानिगुची यांनी घडवलेली ती लॉबी मी या सगळ्या काळातलं सर्वोत्तम काम मानतो. कमी उंचीचं लाखकाम केलेलं गोल टेबल, भोवती पाच खुर्च्या, आणि वरच्या मजल्यावरून पाहिलं की त्यांचं उमेचं, म्हणजे जपानी प्लमचं, फूल झालेलं दिसतं. प्राचीन मण्यांच्या माळेसारखे लोंबणारे दिवे, शोजी या कागदी पडद्यांतून गाळून येणारा उजेड, आणि शेजारीच जगभरच्या शहरांची वेळ दाखवणारा नकाशा. परंपरा इथंही आहे, पण ती टेबलाची उंची, उजेडाची मात्रा आणि बसण्यातलं अंतर यांत मुरलेली आहे. पाहुण्याला फूल ओळखता आलं नाही तरी तिथं बसल्यावर आवाज आपोआप खाली येतो.

आज या कामांपैकी फार थोडं मूळ रूपात उरलं आहे, कारण हॉटेलची सजावट काही वर्षांनी बदलायचीच असते. याकोबसन यांच्या शेकडो खोल्यांपैकी ६०६ क्रमांकाची एक जशीच्या तशी जपली आहे. ओकुराची लॉबी २०१५ मध्ये पाडली गेली आणि २०१९ मध्ये तानिगुची यांचे पुत्र योशिओ यांनी ती नव्या इमारतीत पुन्हा उभी केली. हवानाच्या हॉटेलात क्रांतीनंतर फिडेल कास्त्रो यांचा तळ पडला, ते राष्ट्रीय मालकीचं झालं, नाव हवाना लिब्रे झालं. पेलाएस यांचं मोझेक मधल्या काळात भिंतीवरून गेलं होतं, ते १९९० च्या दशकात पुन्हा बसवलं गेलं. हिल्टनचं नाव पुन्हा लावायची गरज क्युबाला वाटली नाही. ती भिंत मात्र हवीशी वाटली. आज जी नवी हॉटेलं वारली चित्रांचे छापील पट्टे किंवा पैठणीची नक्षी लॉबीत लावून लोकल टच मिळवतात, त्यांनी कैरोचाच रस्ता धरला आहे. पालघरच्या चित्रकाराला किंवा येवल्याच्या विणकराला आराखडा ठरतानाच बोलावलं, तर भिंत किती उंच हवी आणि कापड कुठं पडायला हवं, याबद्दल तो बोलू शकेल. अजून त्याला बोलावलं जातं ते बहुधा रंग सुकल्यानंतर.