महागडा साधेपणा आणि कुणबी साडी

वारूळवाडीत फॅशनवर व्याख्यान कशाला, असं कुणी म्हणेल. पण शेजारी नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात, तिथली जरीची नऊवारी आपण लहानपणापासून पाहतोय. आपल्याकडे भारी कपडा म्हणजे लांबून चमकणारा कपडा. गोव्याचे डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज (१९६०–२०२०) यांनी नेमकं उलटं केलं. पांढरा रंग, सैल बेत, भरतकाम बेताचं, दमट हवेत अंगाला चिकटणार नाही असं कापड. अशा कपड्यात चूक झाकायला जर नसते, म्हणून कापणी आणि शिवण चोखच लागते. पैसे त्याचे.

त्यांचं सर्वांत बोलकं काम म्हणजे कुणबी साडी. आपल्याकडच्या कुणब्यांशी गल्लत नको. गोव्यातल्या कुणबी-गावडा बायका नेसत, ती ही लाल-पांढऱ्या चौकडीची सुती साडी. घोट्याच्या बरीच वर, पदराची गाठ खांद्यावर. भाताच्या चिखलात वाकायचं, तर घोळ हवा कशाला? तिचा साधेपणा कामातून आला होता. तिचं विणकाम जवळजवळ थांबलं होतं. रॉड्रिग्ज यांनी ती पुन्हा विणून घेतली, शहरात नेसता यावी म्हणून लांबी वाढवली, फॅशनच्या मंचावर आणली.

श्रेय द्यायलाच हवं. त्यांनी ‘कुणबी’ हे नाव पुसलं नाही. ‘मोडा गोवा’ (२०१२) या पुस्तकात गोव्याच्या पेहरावाचा इतिहास लिहिला. नुसती चौकड उचलून ते गेले नाहीत.

तरी आम्हाला एक गोष्ट खटकते. लांबी वाढली, तिथेच साडी शेतातून उठली. चौकड राहिली, वाकायची सोय गेली. आणि तीच चौकड मजुरणीच्या अंगावर गरिबी ठरते, दिवाणखान्यात अभिरुची. साधेपणाला मान मिळाला खरा, पण तो निवडण्याची ऐपत असलेल्यांच्या अंगावर.

उद्या टोमॅटोच्या तोडणीवर नजर टाका. साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट. ऊन अडतं, पाल्याचे काळपट हिरवे डाग साडीवर पडत नाहीत. हेही डिझाइनच आहे, फक्त त्यावर कुणाचं लेबल नाही. रॉड्रिग्ज यांचं काम आम्हाला मोलाचं वाटतं, कारण ते आपल्याला त्या शर्टाकडे पाहायला लावतं. पण पाहणं तिथेच थांबलं, तर साडी वाचली आणि नेसणारी विसरली, असं होईल.

आता तुमचं म्हणणं ऐकू.