आडव्या तारा, उभ्या तारा

पियानोविषयी बोलताना आपल्यातील बहुतेक रसिक मनाशी एक उतरंड धरून बोलतात. सभागृहातला ग्रँड पियानो हा खरा पियानो, आणि घरात भिंतीला टेकलेला उभा पियानो ही त्याची जागेअभावी आखूड केलेली प्रत, अशी ती समजूत आहे. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती अर्धवट आहे, आणि अर्धवट समजुतीवर उभारलेली समीक्षा वादकावर अन्याय करते. म्हणून या दोन वाद्यांतील भेद नेमका कोठे आहे व ऐकणाऱ्याने तो किती मोजावा, याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम रचना पाहू. फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या पदरी असलेले बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी यांनी 1700 च्या सुमारास जे वाद्य सिद्ध केले, ते आडवे होते. ग्रँड पियानो आजही त्याच कुळातला आहे. तारा जमिनीला समांतर असतात. हातोडी खालून वर उडते, तारेवर आघात करते आणि स्वतःच्याच वजनाने खाली येते. उभ्या पियानोचे जुने अवतार उंच कपाटासारखे असत. 1800 मध्ये फिलाडेल्फियात जॉन आयझॅक हॉकिन्स आणि व्हिएन्नात मातियास म्यूलर यांनी तारा थेट जमिनीलगत उतरवल्या आणि घरात मावणारे वाद्य जन्मास आले. त्यात हातोडी समोरच्या दिशेने आघात करते. परतीच्या वाटेवर तिला स्वतःच्या वजनाची पुरेशी साथ मिळत नाही. ते काम स्प्रिंग आणि लहानशा फिती करतात.

ही बाब किरकोळ वाटेल, पण सारा भेद येथून सुरू होतो. संवादिनीत पट्टी दाबली की हवेला वाट मिळते. ती किती वेगाने दाबली याला फारसे महत्त्व नसते. पियानोत मात्र हातोडीचा वेग हेच सर्वस्व. तारेला स्पर्श होण्यापूर्वीच हातोडी पट्टीच्या ताब्यातून सुटलेली असते. तेव्हा वादकाच्या हाती काय उरते? तिला फेकणे, आणि पुन्हा फेकण्यासाठी ती लवकर परत मिळवणे.

या परत मिळवण्यातच ग्रँडचे मोठेपण आहे. एरार यांच्या कारखान्याने 1821 मध्ये अशी यंत्रणा आणली, की परतणारी हातोडी वाटेतच झेलली जाते आणि पट्टी पूर्ण वर येण्याआधीच तोच स्वर पुन्हा वाजवता येतो. उभ्या पियानोत पट्टी जवळजवळ पूर्ण वर यावी लागते. मॉरिस राव्हेल यांची 1905 मधील ‘आल्बोरादा देल ग्रासिओसो’ ही रचना ऐकताना हा फरक कोणाच्याही कानी पडावा. तिच्यात एकच स्वर गिटारच्या तारेवर बोटे झरझर फिरावीत तसा पुनःपुन्हा उमटतो. चांगल्या ग्रँडवर तो खडीसारखा सुटा आणि लख्ख ऐकू येतो. उभ्या पियानोवर त्यातील काही आघात हरवतात. येथे दोष बोटांचा नसतो. ज्याने हे ओळखले नाही, त्याने वादकाला कच्चा ठरवण्याची घाई करू नये.

दुसरा भेद डाव्या पेडलचा. ग्रँडमध्ये ते दाबले की संपूर्ण पट्टीफलक किंचित बाजूला सरकतो. मधल्या व वरच्या सप्तकांत प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. हातोडी त्यांपैकी दोघींवरच पडते, तीही आपल्या नमद्याच्या कमी दबलेल्या, मऊ भागाने. त्यामुळे आवाज केवळ लहान होत नाही, त्याचा रंग पालटतो. उभ्या पियानोतले डावे पेडल हातोड्यांना तारांच्या जवळ आणते, एवढेच. आवाज कमी होतो, रंग तोच राहतो. बेथोव्हेन यांनी 1816 च्या ‘ओपस 101’ या सोनाटातील संथ भाग एका तारेवर वाजवण्यास सांगितले आणि शेवटाकडे तारा क्रमाक्रमाने वाढवण्याची सूचना केली. ही आवाज वाढवण्याची साधी सूचना नव्हे. आतल्या कोंडलेल्या खोलीतून हळूहळू उजेडात येण्याची ती वाट आहे. उभ्या पियानोवर ही वाट नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

येथवर ग्रँडचे पारडे जड दिसते. पण आता शोपँकडे वळू. 1838-39 च्या हिवाळ्यात ते मायोर्का बेटावर वाल्देमोसा येथील जुन्या मठात राहत होते. तेथे प्लेयेल कारखान्याने त्यांच्यासाठी जे वाद्य पाठवले, तो लहानसा उभा पियानो होता. जकातीच्या अडचणींतून सुटून जानेवारी 1839 मध्ये तो पोहोचला, आणि ‘ओपस 28’ मधील 24 प्रेल्यूदांची सिद्धता याच मुक्कामात झाली. त्यांतील ई मायनरच्या प्रेल्यूदात डावा हात तेच स्वरसमूह हलकेच, न थांबता घेत राहतो आणि एकेक स्वर खाली ओघळतो. आजचे शिक्षक सांगतात, की हे वादन ग्रँडवरच साधते; कारण तेथे पट्टी अर्धीच उचलून पुढचा आघात मागच्याला जोडता येतो. सूचना उपयुक्त आहे, परंतु ती रचनेचा कायदा नव्हे. शोपँ यांचे आवडते प्लेयेलचे ग्रँडदेखील एरार यांच्या त्या यंत्रणेवाचूनचे होते. म्हणजे स्वरास्वरांतली जी पुसट फट आपण उभ्या पियानोचे व्यंग समजतो, ती रचनाकाराच्या कानाला अपरिचित असण्याचे कारण नाही. तो श्वास त्या संगीताचाच असू शकतो.

आकाराविषयीही थोडे बोलणे भाग आहे. स्टाइनवेचा मैफिलीचा ग्रँड 274 सेंटिमीटर लांब आणि सुमारे 480 किलो वजनाचा असतो. त्याच्या खर्जाच्या लांब तारांतून जो भरदार, स्वच्छ नाद येतो, त्याला तोड नाही. पण बाजारात ‘बेबी ग्रँड’ नावाचे दीड मीटरच्या आतबाहेरचे जे वाद्य मिरवते, त्याच्या खर्जाच्या तारा 130 सेंटिमीटर उंचीच्या चांगल्या उभ्या पियानोतील तारांहून पुष्कळदा आखूड असतात. आखूड व जाड तारेचे उपस्वर मूळ स्वराशी नीट जुळत नाहीत, आणि खर्ज धूसर, डबड्यासारखा वाजतो. दिवाणखान्याची शोभा म्हणून असा ग्रँड घेणारे कुटुंब आकार विकत घेते, नाद नव्हे. मुलांच्या शिक्षणासाठी पैसा गाठीला बांधून ठेवणाऱ्या आईबापांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे.

मग निवाडा काय? ग्रँड हे सभागृहाचे वाद्य आहे. त्याचे झाकण श्रोत्यांकडे उघडते, त्याचा नाद बाहेर जाण्यासाठी आहे. उभ्या पियानोचा ध्वनिफलक भिंतीकडे असतो. त्याचा नाद प्रथम खोलीला मिळतो, आणि खोलीत बसलेल्या चार माणसांना पुरतो. एकाकडे विस्तार आहे, दुसऱ्याकडे जवळीक. विस्ताराच्या मापाने जवळीक मोजणे ही समीक्षेतील जुनी खोड आहे, आणि तिची किंमत नेहमी लहान वादकांनाच मोजावी लागते. वर्षभर घरी उभ्या पियानोवर सराव केलेली मुलगी परीक्षेच्या दालनात प्रथमच ग्रँडसमोर बसते. पट्टीचे वजन निराळे, पेडलचा अर्थ निराळा, आवाज समोरून न येता पसरत जाणारा. तिचा हात जड ठरतो. वस्तुतः ती दुसऱ्या वाद्यावर वाजवत असते.

परीक्षेपूर्वी अशा मुलीला ग्रँडवर दोन-चार तास मिळावेत, एवढी व्यवस्था संयोजकांनी करणे अशक्य नाही. आणि समीक्षकांनी वादनाविषयी लिहिताना वाद्य कोणते होते, हे पहिल्या वाक्यातच नोंदवावे. राव्हेलसाठी ग्रँडचा आग्रह धरावा. बेथोव्हेनच्या त्या संथ भागासाठीही धरावा. पण घरच्या उभ्या पियानोवर कोणी सायंकाळी ई मायनरचे प्रेल्यूद वाजवीत असेल, तर त्यात सभागृह शोधू नये. ते संगीत त्या खोलीएवढेच मोठे आहे, आणि तेवढे त्याला पुरेसे आहे.