मराठी उच्चार आणि फंक-रॉकची लय : ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’च्या निमित्ताने

‘मराठीत रॉक गाता येत नाही; तिच्या अंगी तो ठोकाच नाही,’ हे विधान आपल्या चर्चासत्रांतून वरचेवर ऐकू येते. ते करणारे बहुधा संगीताचे जाणकार असतात, पण कारण मात्र भाषेचे देतात. तेव्हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे प्राप्त आहे. मुंबईच्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकेच्या आधारे या विधानाची तपासणी करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चिंचवडहून लोणावळ्याच्या लोकलने निघाले म्हणजे देहूरोड, तळेगाव, कामशेत ही स्थानके मागे टाकून मळवली येते. कार्ले आणि भाजे येथील लेण्यांसाठी तेथे उतरणारे पुष्कळ आहेत. १९७१ साली याच मळवलीस ‘स्नेह यात्रा’ नावाचा रॉक-संगीताचा मेळावा भरला होता, हे मात्र आपल्या औद्योगिक पट्ट्यातील फार थोड्यांस ठाऊक असेल. एका सिगारेटच्या नावाने भरविलेल्या ‘सिमला बीट’ स्पर्धांच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिकाही त्याच काळातल्या. या साऱ्या चळवळीची भाषा इंग्रजी होती. गाणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरची भाषा मराठी असूनही ती तशी होती, आणि आपला प्रश्न येथूनच सुरू होतो.

कीथ कांगा यांनी उभारलेल्या ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चे गायक होते मधुकर धस. या वाद्यवृंदाची ‘ऑब्सेशन ’७७’ ही ध्वनिमुद्रिका नावाप्रमाणे १९७७ सालची. ती बाजारात आली १९८१ साली, तोवर वाद्यवृंद मोडलेला होता. मुरलेले कलावंत नवी ध्वनिमुद्रिका घेऊन गावोगाव दौरा करतात, असा सर्वत्र रिवाज आहे. येथे दौरा करण्यास कलावंतच उरले नव्हते. तो दौरा पुढे ध्वनिमुद्रिकेनेच एकटीने केला. अमेरिकेतील ‘नाउ-अगेन’ या संस्थेने २०११ साली ती पुन्हा प्रसिद्ध केली, आणि परदेशी संग्राहकांच्या कौतुकानंतर आपल्याकडेही तिचे नाव घेतले जाऊ लागले. (आपल्या वस्तूचे मोल परक्याने करावे लागते, ही तक्रार जुनीच आहे, ती येथे वाढवीत नाही.)

ध्वनिमुद्रिकेत उसनी गाणी बरीच आहेत. हेंड्रिक्सचे ‘फॉक्सी लेडी’ आहे, ‘ओसिबिसा’चे ‘सनशाइन डे’ आहे. धस यांचा आवाज भरदार आहे, आणि इंग्रजी शब्दांतील आघात त्यांनी ताल न चुकविता साधले आहेत. परंतु गाण्याबरोबर त्यांनी उच्चारही उसना घेतला आहे. शब्द मुंबईच्या बोलण्यातला वाटत नाही. आमच्या मते या ध्वनिमुद्रिकेचे खरे सामर्थ्य शब्दांत नसून तालवाद्ये आणि मुद्दाम खरखरीत केलेली गिटार यांच्या झटापटीत आहे. शीर्षकगीत एकदा संथ आणि एकदा जलद असे दोनदा दिले आहे. त्यामागे विलंबित-द्रुताचा संस्कार आहे असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही, पण मराठी श्रोत्यास ते आठवल्यावाचून राहत नाही.

लय परकी आहे, हे कारण तर मुळीच टिकणारे नाही. जेम्स ब्राउन याने फंकमध्ये पहिल्या मात्रेवर सारा भार दिला, आणि १९७० च्या सुमारास ‘फंकाडेलिक’ने त्यात सायकेडेलिक गिटार मिसळली. ज्या समाजाला सम कळते त्याला हा भार समजावून सांगावा लागत नाही. देहू आणि आळंदी याच पट्ट्यात आहेत. दिंडीत टाळ आणि पाऊल एका मात्रेवर पडताना ज्याने पाहिले आहे, त्याने लयीच्या परकेपणाची सबब सांगू नये. भेद आहे तो समेनंतरचा. फंकमध्ये आघात झाल्यावर जागा मोकळी सोडतात, आणि त्या मोकळ्या जागेवरच पुढचे वादन तोलले जाते.

आता भाषेकडे वळू. इंग्रजीत शब्दाचे एक अवयव-स्थान आघाताने ठळक होते, बाकीची आक्रसतात. त्यामुळे बलवान अवयव बलवान मात्रेवर ठेवला की काम भागते. मराठीत आघात अर्थभेदक नाही, तो सौम्य आहे. जाणकारांचे विधान येथवर खरे आहे. परंतु ते बोलीचे निरीक्षण न करता लेखनाकडे पाहून पुढे जातात. ‘घर’ हा शब्द लिहिताना दोन अक्षरे, बोलताना अवयव एकच; अन्त्य ‘अ’चा लोप होऊन तो व्यंजनावर बंद होतो. ‘सडक’ म्हणताना आपण ‘स-डक्’ असे तोडतो, ‘सडकेवर’ म्हणताना ‘सड्-के-वर्’ असे. म्हणजे प्रत्यय लागताच त्याच प्रकृतीचे तुकडे निराळ्या जागी पडतात. गीतात मात्र हा लुप्त ‘अ’ परत येतो. ओवी-अभंगांत तो अक्षर म्हणून मोजला जातो, आणि गायक त्यावर विसावतो. अभंगाचे माधुर्य पुष्कळ अंशी त्या विसाव्यात आहे. फंकमध्ये तोच विसावा घातक ठरतो, कारण जी जागा मोकळी राहावयाची ती स्वराने भरून जाते.

मग मराठीजवळ ठोका नाही कसा? ‘उठ’, ‘चल’, ‘बस’, ‘थांब’ ही आपली आज्ञार्थी रूपे पाहावीत. प्रत्येकात एक अवयव, तोही व्यंजनावर तोडलेला. ‘धडधड’, ‘खणखण’ यांसारख्या अनुकरणवाचक शब्दांत हाच गुण दुणावतो. अडचण आहे ती प्रत्ययांनी लांबलेल्या रूपांची, आणि ती आम्ही नाकारीत नाही. पण तिच्यावर उपाय शब्दयोजनेत आहे, भाषा बदलण्यात नाही.

याचा दाखला मराठी रंगभूमीने पूर्वीच दिला आहे. अ‍ॅलेक पदमसी यांनी १९७४ साली मुंबईत केलेल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये मधुकर धस येशू होते आणि नंदू भेंडे ज्यूडस. भाषा अर्थातच इंग्रजी. चारच वर्षांनी, १९७८ साली, पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘तीन पैशाचा तमाशा’ सादर केला, आणि त्यात तेच भेंडे मराठीत पाश्चात्य ढंगाने गाऊ लागले. गळा तोच होता, बदलली होती ती संहिता. आणि ती पु. ल. देशपांडे यांची, म्हणजे बोलण्याचा आणि सुरांचा असे दोन्ही कान असलेल्या लेखकाची होती. नाटकातील शब्द तोंडातून बोलीसारखा निघावा लागतो, म्हणून तेथे बंद अवयव बंद राहतो. त्यानंतरच्या मराठी रॉकच्या अनेक प्रयत्नांत भावगीताची शब्दकळा घेऊन तीवर गिटार चढविलेली दिसते, आणि दोष मराठीच्या माथी येतो.

आमच्या वर्गातील एक विद्यार्थी भोसरीच्या काही मित्रांसमवेत गातो. मागील सत्रात त्याने स्वतःची एक रचना ऐकविली. ओळीच्या शेवटी ‘रस्त्यावर’ हा शब्द होता, आणि तो ‘रस्त्या-व-र’ असा गात होता. जसे बोलतोस तसे म्हण, एवढेच सांगितले. दुसऱ्या खेपेस त्याने ‘वर्’ असे तोडले. ढोलवादकाचा हात तेथे एक मात्रा अडखळला, आणि तिसऱ्या खेपेस त्याने ती मात्रा रिकामी सोडली.